मूल सात वर्षांचं झालं म्हणजे बापाचंच का? औरंगाबाद खंडपीठाचा निकाल आणि खान्देशातली आपली घरं

जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एक निकाल दिला. मुलगा नऊ वर्षांचा, आई-वडील मुस्लिम, दोघे वेगळे राहणारे. लातूर जिल्ह्यातील निलंग्याच्या न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये मुलाचा ताबा वडिलांना दिला होता. आधार हा की मुस्लिम व्यक्तिगत कायद्याप्रमाणे सात वर्षांपुढचा मुलगा वडिलांकडे जातो. आई त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेली. न्यायमूर्ती शैलेश ब्रह्मे यांनी मुलाशी बोलून त्याचं मन जाणून घेतलं. मूल आईशी घट्ट जोडलेलं आहे हे पाहिलं आणि खालच्या कोर्टाचा आदेश रद्द केला. व्यक्तिगत कायदा आणि मुलाचं हित समोरासमोर उभे राहिले तर मुलाच्या हिताचं पारडं जड राहील, असं त्यांनी म्हटलं. मुलगा आईकडे राहिला, वडिलांना भेटीची मुभा मिळाली.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे याच खंडपीठाखाली येतात. आपल्याकडची अपिलं जळगावहून अजिंठ्यामार्गे नाहीतर धुळ्याहून चाळीसगाव-कन्नडच्या घाटातून तिथेच जातात. म्हणजे हा निकाल दूरच्या कुठल्या राज्यातला नाही, आपल्या दारातला आहे. तरीही जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर ज्या गप्पा होतात, त्यात त्याची चर्चा आम्हाला ऐकू आली नाही. जी थोडी झाली ती दोन टोकांची. कोणी म्हणालं, शरीअतमध्ये पुन्हा ढवळाढवळ सुरू झाली. कोणी सोशल मीडियावर लिहिलं, बघा, मुस्लिम कायद्याला कोर्टाने चपराक दिली. त्या नऊ वर्षांच्या पोराबद्दल दोघांपैकी कोणीच बोललं नाही.

आम्ही शिक्षक आहोत, वकील नाही आणि आलिमही नाही. पण हा प्रश्न कोर्टात पोहोचण्याच्या फार आधी आमच्या वर्गात येऊन बसतो. दरवर्षी जूनमध्ये प्रवेशाचे फॉर्म भरून घेताना दोन-चार फॉर्म असे असतात की वडिलांच्या नावाची ओळ भरलेली असते, पण वडील कुठे आहेत विचारलं की आई खाली बघते. कोणी भिवंडीला, कोणी सुरतला, कोणी दुसरा निकाह करून याच शहरात चार गल्ल्या पलीकडे. तलाकही नाही, खुलाही नाही, खर्चही नाही. बाप वर्षातून एकदा ईदला येतो, पोराला मोबाइल नाहीतर सायकल देतो, आणि पुढचे अकरा महिने त्याचा फोन बंद.

शाळेच्या फाटकावरची एक गोष्ट

खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावची गोष्ट आहे. गाव, शाळा आणि माणसं यांची नावं घेणार नाही, कारण मूल अजून शिकतंय.

तिसरीतला मुलगा. आई डाळ मिलमध्ये कामाला. शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात ती आम्हाला म्हणाली होती, "सर, इसको मेरे सिवा किसी के साथ मत भेजना." आम्ही विचारलं, तुमच्याकडे कोर्टाचा काही कागद आहे का? तिने पिशवीतून घडी घातलेला स्टॅम्पपेपर काढला. जमातीच्या चार बुजुर्गांनी बसून केलेला समझोता होता. खाली चार सह्या, दोन अंगठे. मजकूर असा की मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आईकडे राहील आणि वडील दरमहा दीड हजार रुपये देतील. दीड हजार तीन महिने आले, मग थांबले. मुलगा मात्र सातचा झाला, आठचा झाला.

पावसाळ्यातल्या एका दिवशी मधल्या सुट्टीत बाप मोटारसायकलवर फाटकापाशी आला. वर्षभरात कोणी त्याला पाहिलं नव्हतं. म्हणाला, "सर, अब आठ का हो गया. मेरा हक है, ले जा रहा हूँ." त्याच्याकडेही त्याच स्टॅम्पपेपरची झेरॉक्स होती. आम्ही आईला फोन लावला, ती मिलमध्ये, फोन कपाटात. पोलिसांना विचारलं, उत्तर आलं की घरगुती मामला आहे, बाप आहे ना तो? जनरल रजिस्टरमध्ये पालक म्हणून नाव त्याचंच होतं. आमच्याकडे त्याला थांबवायला एक कागद नव्हता. मुलगा दप्तर वर्गातच सोडून गेला.

अकरा आठवड्यांनी तो परत आला. बापाच्या नव्या घरी त्याचं कोणाशी जमलं नाही, म्हणून एका नातेवाइकाबरोबर त्याला बसमध्ये बसवून दिलं. पहिलं सत्र बुडालं होतं. जो पोरगा उर्दू आणि मराठी दोन्ही घडाघडा वाचायचा, तो दिवाळीनंतर कितीतरी दिवस पुस्तक उघडायला तयार नव्हता. सुट्टीची घंटा झाली की फाटकाकडे न जाता आमच्या टेबलाजवळ येऊन उभा राहायचा.

त्या दिवशी आम्ही त्याला जाऊ दिलं. नियमाने आमचं चुकलं नाही असं सगळे म्हणाले. पण मनाला ते पटत नाही, म्हणूनच हे लिहायला बसलो.

ताबा वेगळा, पालकत्व वेगळं

आपल्या लोकांत सगळ्यात मोठा गोंधळ इथे आहे. फिकहमध्ये दोन वेगळे शब्द आहेत. हिजानत म्हणजे मुलाचं संगोपन: खाऊपिऊ घालणं, आजारपण काढणं, वाढवणं. विलायत म्हणजे पालकत्व: मुलाच्या मालमत्तेचे आणि मोठ्या निर्णयांचे अधिकार. हिजानतचा पहिला हक्क आईचा, तिच्यानंतर नानीचा. विलायत बापाची. १९३७ च्या शरीअत अॅक्टने मुस्लिमांच्या पालकत्वाच्या बाबी व्यक्तिगत कायद्याकडे दिल्या. त्याआधी १९१८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने इमामबांदी प्रकरणात सांगून ठेवलं होतं की मुस्लिम आई ही मुलाची नैसर्गिक पालक नाही, तिला ठरावीक वयापर्यंत फक्त ताबा आहे.

पण कोर्टात अर्ज जातो तो १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली. इंग्रजांच्या काळचा हा कायदा आजही सर्व धर्मीयांना लागू आहे. त्याचं कलम १७ म्हणतं की पालक नेमताना, मुलाला जो कायदा लागू आहे त्याला धरून, त्याचं हित कशात आहे हे बघायचं. त्यासाठी मुलाचं वय, लिंग, धर्म, पालक होऊ पाहणाऱ्याची चालचलन आणि ऐपत, नात्याची जवळीक हे सगळं तपासायचं. मूल समजदार असेल तर त्याची पसंतीही विचारात घ्यायची.

याच कायद्याच्या कलम १९ मध्ये एक गाठ आहे. बाप हयात असेल आणि कोर्टाच्या मते नालायक नसेल, तर दुसऱ्याला पालक नेमता येत नाही. बरेच वकीलसुद्धा इथे बाईला सांगतात, बाप जिवंत आहे, तुमचं काही चालणार नाही. हे अर्धवट आहे. २०१० मध्ये अतहर हुसेन विरुद्ध सय्यद सिराज अहमद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पालकत्व आणि ताबा यांत स्पष्ट फरक केला. तिथे आई वारली होती, वडिलांनी दुसरं लग्न केलं होतं, मुलं आईच्या माहेरच्यांकडे होती. वडील कायद्याने पालक असले तरी मुलांचा तात्पुरता ताबा माहेरच्यांकडेच ठेवण्यात आला. म्हणजे बापाचं पालकत्व कागदावर तसंच ठेवून मुलाचा ताबा दुसऱ्याकडे राहू शकतो. आणि बाप खरोखर जबाबदारी टाकून बसला असेल तर पालकत्वही मागता येतं. त्यासाठी पुरावा जास्त लागतो, एवढंच.

सात हा आकडा आला कुठून?

आपल्याकडे सात वर्षांची अट अशी सांगितली जाते जणू ती कुरआनची आयत आहे. तसं नाही. पवित्र कुरआनमध्ये सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत दूध पाजण्याचा काळ आहे, बापावर खर्चाची जबाबदारी आहे, आणि मुलाच्या कारणाने आईलाही त्रास होऊ नये, बापालाही होऊ नये अशी ताकीद आहे. दूध सोडवायचं झालं तरी दोघांनी एकमेकांच्या सल्ल्याने ठरवावं, असं तिथे आहे. सात वर्षांचा आकडा तिथे नाही.

तो फुकहांनी, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांनी, आपल्या काळाचा विचार करून ठरवला. म्हणून तो सगळीकडे सारखा नाही. हनफी मसलकमध्ये मुलगा सात वर्षांपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे. शिया फिकहमध्ये मुलगा दोन वर्षं, मुलगी सात. मालिकींकडे मुलगा वयात येईपर्यंत आईकडे. शाफईंकडे मूल समजदार झालं की त्यालाच विचारायचं. आपल्याच राज्यात कोकणातले बहुतांश मुस्लिम शाफई आहेत. म्हणजे रत्नागिरीच्या पोराला त्याच्या फिकहने विचारायचं, आणि जळगावच्या पोराला न विचारता उचलून न्यायचं?

हदीसमध्येही दोन्ही बाजू आहेत. एका आईने प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे गाऱ्हाणं नेलं की बाप मूल हिसकावून घेतोय. आपण सांगितलं की तू दुसरा निकाह करत नाहीस तोपर्यंत तुझाच हक्क जास्त. दुसऱ्या एका प्रसंगी भांडणाऱ्या आई-बापासमोर मुलालाच निवड करायला सांगितली. मुलाने आईचा हात धरला आणि आई त्याला घेऊन गेली.

सगळ्यात बोलकी गोष्ट हजरत उमर (रजि.) यांची आहे, इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये ती आलेली आहे. त्यांचा आणि आसिमच्या आईचा तलाक झाला होता. कुबाला गेले असताना लहानगा आसिम मशिदीच्या अंगणात खेळताना दिसला. त्यांनी त्याला उचलून आपल्यापुढे सवारीवर बसवलं. मुलाच्या नानीने ते पाहिलं आणि अडवलं. वाद खलिफा हजरत अबू बकर (रजि.) यांच्यापुढे गेला. निर्णय नानीच्या बाजूने लागला, आणि उमर (रजि.) यांनी उलट शब्द काढला नाही. ज्यांच्या नावाने लोक थरथरत, त्यांनी एका म्हातारीपुढे निकाल मान्य केला. आमच्या फाटकावर आलेल्या बापाला ही गोष्ट कोणी कधी ऐकवली असेल का?

म्हणून औरंगाबाद खंडपीठाच्या निकालाला शरीअतविरुद्ध म्हणून हिणवण्याआधी दहादा विचार करावा. हिजानतचा हेतूच मुलाची हिफाजत हा आहे. जो मुलाला सांभाळत नाही, त्याच्या हातून मूल बिघडेल किंवा उपाशी राहील, त्याचा हक्क उरत नाही हे फुकहांनीही सांगितलं आहे. आकडा लक्षात ठेवला आणि हेतू विसरलो, ही आपली चूक आहे.

स्टॅम्पपेपरवर पोर सुरक्षित नसतं

आमच्या भागात दहापैकी आठ भांडणं जमातीच्या बैठकीत मिटवली जातात, असं आम्ही अंदाजाने म्हणू. त्यात वाईट काही नाही. घरची गोष्ट घरात मिटली, दोन कुटुंबांची अब्रू राहिली तर चांगलंच. पण तो कागद आज पाचशेच्या स्टॅम्पवर केला, नोटरीचा शिक्का मारला, तरी तो कोर्टाचा हुकूम होत नाही. बापाने खर्च बंद केला तर त्या कागदावर वसुली निघत नाही. मूल उचलून नेलं तर पोलीस तो कागद बाजूला ठेवतात. दारुल कजाचा फैसला किंवा फतवा असेल तर त्यालाही कायद्याने सक्ती नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ७ जुलै २०१४ रोजी विश्वलोचन मदान प्रकरणात सांगितलं आहे. ज्याला मानायचं तो मानेल. आणि बेभरवशाच्या माणसाची अडचण हीच, की तो सोयीचं तेवढं मानतो. वरच्या गोष्टीत बापाने दीड हजाराचं कलम मानलं नाही, सात वर्षांचं मानलं.

यावर उपाय अवघड नाही. जमातीत समझोता झाला की तोच मजकूर दोन्ही बाजूंच्या सह्यांनी न्यायालयात दाखल करून त्यावर आदेश घ्यायचा. मग तोच समझोता हुकूम होतो. बुजुर्गांचा मानही राहतो आणि कागदाला दातही येतात.

कोर्ट नेमकं काय बघतं?

मूल एकट्याच्या ताब्यात मागायचं तर समोरचा किती वाईट आहे याची यादी वाचून भागत नाही. शिवीगाळ, चारित्र्यावर शिंतोडे, सासूच्या कागाळ्या यांनी अर्ज जाड होतो, भक्कम होत नाही. न्यायाधीशांपुढचा प्रश्न साधा असतो: रोजच्या रोज या मुलाचं कोण करतं?

त्याची साक्ष छोट्या कागदांत असते. लसीकरणाचं कार्ड कोणी जपलं. दवाखान्याच्या चिठ्ठीवर सोबत कोणाचं नाव आहे. शाळेची फी, वह्या-पुस्तकं, रिक्षाचे पैसे कोणी दिले. पालक सभेच्या रजिस्टरमध्ये सही कोणाची आहे. आम्ही मातांना नेहमी सांगतो, एक शंभर पानी वही करा. बापाने येतो म्हणून सांगितलं ती तारीख लिहा, आला की नाही ते लिहा. पैसे आले ती तारीख आणि रक्कम लिहा, नाही आले तेही लिहा. मोबाइलवरचे मेसेज पुसू नका. त्या वहीत राग लिहू नका, फक्त तारखा लिहा. सहा महिन्यांची अशी वही दहा साक्षीदारांच्या तोंडी गोष्टींपेक्षा जास्त बोलते.

अर्ज कुठे करायचा? मूल साधारणपणे जिथे राहतं तिथल्या कौटुंबिक न्यायालयात, ते नसेल तर जिल्हा न्यायालयात. म्हणून मूल चाळीसगावात किंवा शिरपुरात वाढत असताना बाप सुरतेत राहतो म्हणून तिकडे धावायचं कारण नाही. पण मूल उचलून नेलं आणि महिनोन् महिने गप्प बसलात, तर मूल राहतं कुठे यावरच वाद सुरू होतो. म्हणून उशीर नको. मुख्य निकालाला वेळ लागतो, पण कलम १२ खाली तात्पुरत्या ताब्याचा आदेश आधी मागता येतो. घरात मारहाण, छळ असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २१ खाली दंडाधिकारीही तात्पुरता ताबा देऊ शकतात. एका झटक्यात तीन तलाक दिला असेल तर २०१९ च्या कायद्याच्या कलम ६ मध्ये मुलांच्या ताब्याचा हक्क आईला दिलेला आहे. पण त्या कायद्यावर आपल्याकडे इतकं राजकारण झालं की हे कलम फारसं कोणाला माहीतच नाही. आणि नुसतं टाकून दिलेल्या बायकांना, ज्यांची संख्या आमच्या डोळ्यांसमोर जास्त दिसते, ते उपयोगी पडत नाही. त्यांना १८९० च्या कायद्याचाच रस्ता आहे.

वकिलाच्या फीची भीती असते. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला आणि मुलाला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तालुक्याला समिती आहे. १५१०० या नंबरवर फोन करूनही माहिती मिळते. बुरखा घालून कोर्टाची पायरी चढायची लाज वाटते, असं एक माता म्हणाली. आम्ही म्हटलं, बहन, पोरगं एस.टी.त बसवून कोणी नेलं त्या दिवशी जे होईल त्यापेक्षा ही लाज बरी.

गरीब आईकडे मूल कसं ठेवायचं?

बापाच्या बाजूने हा प्रश्न हमखास येतो. माझा पक्का फ्लॅट, तिचं पत्र्याचं घर. माझी कमाई पंचवीस हजार, तिची सात. उत्तर असं की मुलाचा खर्च बापाने द्यायचाच आहे, मूल कोणाकडेही असो. १९९७ मध्ये नूर सबा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तलाकनंतरही मुस्लिम बापावर मुलांच्या पोटगीची जबाबदारी राहते. शरीअतही तेच म्हणते, नफका बापावर. पूर्वीचं कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं आहे, १ जुलै २०२४ पासून. नोव्हेंबर २०२० च्या रजनीश विरुद्ध नेहा या निकालानंतर दोन्ही बाजूंना आपली कमाई आणि मालमत्ता शपथेवर सांगावी लागते, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. कमाई जास्त म्हणून मूल मागणाऱ्याने आधी तीच कमाई पोटगीच्या अर्जात कबूल करावी.

शिवाय सरकारची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना आहे. एक पालक असलेल्या मुलाला त्यात महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात. आमच्या शाळेतून आम्ही असे फॉर्म भरून दिले आहेत. कागदपत्रं पुष्कळ लागतात, चकरा होतात, पण करण्यासारखं आहे.

बापाचीही बाजू आहे

एवढं वाचून कोणाला वाटेल की आम्ही बापांच्या विरोधात लिहितोय. नाही. बेभरवशाची आईही असते. आमच्याच वर्गात एक मुलगी होती, तिला बापाने आणि फुफीने वाढवलं. आई मनाला येईल तेव्हा येऊन शाळेत तमाशा करून जायची. तिथे ताबा बापाकडेच असायला हवा होता आणि तो होता. रोज पहाटे केळीच्या गाड्या भरायला जाणारा तो बाप मुलीची वेणी स्वतः घालून तिला शाळेत सोडायचा. कोर्टाची कसोटी त्यालाही तीच: रोजचं कोण करतं? आणि मुलीचं वय पाहून कोणी त्याच्याकडून ती काढून घेतली असती तर तोही अन्यायच झाला असता.

दुसरी गोष्ट. एकट्याचा ताबा म्हणजे दुसऱ्याचं नाव पुसून टाकणं नव्हे. औरंगाबादच्या प्रकरणात आईला मुलगा मिळाला तरी बापाची भेट बंद झाली नाही. काही घरांत ताबा मिळाला की मुलाला शिकवलं जातं, अब्बू आले तर बोलायचं नाही. चाचा-दादींनी ईदला फोन केला तर कट करायचा. हे पाप आहे, आणि कोर्टातही उलटतं. न्यायाधीश मुलाशी एकट्याने बोलतात तेव्हा पढवलेलं बोलणं त्यांना लगेच कळतं. बाप बेभरवशाचा असेल तर भेटीची जागा, वार, वेळ आदेशात लिहून घ्या. नानीच्या घरी, रविवारी, दोन तास. तो आला तर मुलाला बाप मिळेल, नाही आला तर वहीत तारीख लिहिली जाईल.

शाळेने, जमातीने आणि आपण

सुरुवात आमच्यापासून. शाळेत प्रवेश घेताना आई-वडील वेगळे असतील तर आम्ही आता स्पष्ट विचारतो आणि आदेशाची प्रत असेल तर मुलाच्या फाइलला लावतो. मूल न्यायला कोण येईल त्यांची नावं फोटोसह लिहून घेतो. आदेश नसेल तर आईला पहिल्याच आठवड्यात विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता देतो. हे आम्ही शिकलो ते त्या मुलाच्या अकरा आठवड्यांतून. बाप दाखला काढून घेऊन गेला तरी आईने घाबरू नये. शिक्षण हक्क कायद्यात आईसुद्धा पालकच आहे, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला मुलाचा प्रवेश अडवता येत नाही.

महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव बापाच्या नावाआधी लावायचं ठरवलं. ती मुलं पहिलीत यायला अजून वेळ आहे. पण आज आमच्या रजिस्टरमध्ये बसलेल्या पोरांच्या आयांना त्याआधीच कागदावर जागा हवी आहे.

जमातीच्या बुजुर्गांना आमची हात जोडून विनंती आहे. निकाहच्या वेळी मेहर लिहिता, साक्षीदार लिहिता. तलाक किंवा खुलाच्या बैठकीत मुलाचा मजकूरही तितक्याच काळजीने लिहा. सात वर्षांनी मूल आपोआप बापाकडे, असं वाक्य घालू नका. बापाने किती महिने खर्च दिला, किती वेळा भेटायला आला, मूल काय म्हणतं, हे बघून ठरेल असं लिहा. आणि तो कागद कोर्टात दाखल करा. उलेमांनी एखाद्या जुम्म्याच्या बयानात उमर (रजि.) आणि आसिमच्या नानीची गोष्ट सांगितली तर शंभर वकिलांचं काम होईल.

टीव्हीवर समान नागरी कायद्याची चर्चा चालूच राहील. उत्तराखंडने केला, उद्या आणखी कोणी करेल. ती लढाई लढणारे लढतील. पण आपल्या शरीअतची हिफाजत करायची असेल तर सगळ्यात आधी तिच्यातली मुलाची हिफाजत आपण आपल्या मोहल्ल्यात करून दाखवावी लागेल. नाहीतर ती कोर्ट करेल, आणि आपण तक्रार करत बसू.

तो मुलगा आता पाचवीत आहे. आईने गेल्या वर्षी अर्ज केला, मोफत वकील मिळाला, तात्पुरत्या ताब्याचा आदेश झाला. त्याची प्रत आमच्या कपाटात आहे. बाप दोनदा भेटायला आला, तिसऱ्यांदा आला नाही. मुलगा परवा सुट्टी झाल्यावर टेबलाजवळ न थांबता इतर पोरांबरोबर धावत फाटकाबाहेर गेला.

अल्लाह आपल्या सगळ्यांना अमानत ओळखण्याची आणि सांभाळण्याची तौफिक देवो. आमीन.